तीन ओळी

गेल्या डिसेंबरच्या सुट्टीत मी गावी, आमच्या द्राक्षबागेत, मणी मोजत बसले होते. हातात जाडी मोजायचा व्हर्नियर, मांडीवर वही आणि मांडवातून गाळून आलेलं ऊन पाठीवर. पुण्यात मी संख्याशास्त्र शिकवते. दरवर्षी पोरांना सांगते, की औषध दिलं आणि ताप उतरला एवढ्यावर औषधाला श्रेय देऊ नका, ज्याला औषध दिलं नाही त्याचा ताप किती दिवसांत उतरला तेही बघा. हे शिकवून शिकवून आमच्या स्वतःच्या बागेकडं बघताना मला चैन पडेना. ऑक्टोबर छाटणी झाली की दादा समुद्री शेवाळाचं काळपट पाणी ठरलेल्या वेळी फवारतो. डब्यावर ‘सीव्हीड एक्स्ट्रॅक्ट’ असं काही लिहिलेलं असतं, तासगाव भागात सगळे नुसतं ‘सीव्हीड’ म्हणतात. कुणालाही विचारा, ‘बाग हसते’ असं सांगतील. मी दादाकडं हट्ट धरला, की यंदा तीन ओळींना हे पाणी देऊ नकोस. बाकी सगळं तेच, खत तेच, औषधं तीच. मोजायची फक्त मधली ओळ, कारण ट्रॅक्टरवरच्या फवारणी यंत्राचा, ब्लोअरचा तुषार शेजारच्या ओळीवर उडतोच. तिन्ही ओळींच्या पहिल्या खांबाला मी स्वतः लाल चिंधी बांधून पुण्याला गेले होते.

दिवसभर मोजलं. मण्यांची जाडी, काडीवरची पानं, पेऱ्यातलं अंतर. लाल चिंधीची ओळ आणि पलीकडची फवारलेली ओळ यांत अर्ध्या मिलिमीटरचाही फरक नव्हता. संध्याकाळी वही घेऊन स्वयंपाकघरात आले. वहिनी भाकरी थापत होती, आई उंबऱ्याशी लसूण सोलत बसली होती. मी दादाला म्हटलं, तुझे पैसे पाण्यात गेलेत, ही बघ वही. दादा काही बोलणार तेवढ्यात आई मान वर न करता म्हणाली,

‘फरक कसा असंल? त्या तीन ओळींना मी मारलं की.’

दोन्ही वेळा मारलं होतं. एकदा पाच पानं आल्यावर आणि एकदा मणी सेट होताना. दादा ब्लोअर धुऊन ट्रॅक्टर लावून जेवायला आला, की ही पासष्टीची बाई पाठीवरचा बॅटरीचा पंप अडकवून बागेत जायची. सोळा लिटरचा पंप, लिटरला दोन मिली, म्हणजे बत्तीस. ते तिनं खोकल्याच्या औषधाच्या झाकणानं मोजून घेतलं होतं, चुकवलं नव्हतं. मी चिडले. एक अख्खा हंगाम गेला होता, द्राक्षाला प्रश्न पुन्हा विचारायचा तर पुढचा ऑक्टोबर उजाडावा लागतो. ‘का पण?’ म्हणून विचारलं, तर म्हणाली, ‘तीन ओळी उपाशी ठिवायच्या आणि रोज त्यांच्याम्होरनं शेणाची पाटी घिऊन जायचं. मला न्हाय जमलं ते.’

मी दोन दिवस तिच्याशी नीट बोलले नाही.

राग खरा होता, पण ‘उपाशी’ हा शब्द त्याहून जास्त टोचत होता, कारण तो चुकीचा होता. शेवाळाचं पाणी हे झाडाचं जेवण नाहीच. त्यात नत्र नावापुरतं, स्फुरद त्याहून कमी, पालाश बऱ्यापैकी आणि बाकी सूक्ष्म द्रव्यं चिमूट चिमूट. एकरी पाव-अर्धा लिटर रस पाण्यात मिसळून मारायचं असतं, एवढ्याशानं एकरभर वेलींचं पोट कसं भरेल? शेणखत घालायचं थांबवून कुणी यावर बाग पोसायला गेला तर वेली खंगतील. त्यात असतात ती झाडांच्या ओळखीची संप्रेरकं, म्हणजे ऑक्सिन, सायटोकायनिन आणि जिबरेलिन. सोबत अल्जिनेटसारख्या लांब साखळ्यांच्या शर्करा आणि बेटेन. उन्हाच्या, खारटपणाच्या ताणात झाडाची पेशी पाणी धरून ठेवते त्याला हे बेटेन मदत करतं. शेवाळ जन्मभर उन्हात, मिठात आणि लाटांच्या माराखाली जगतं. तिथं टिकण्यासाठी त्यानं जे काही अंगात साठवलेलं असतं, ते आपण पिळून घेतो आणि आपल्या रोपाच्या पानावर शिंपडतो. मला सगळ्यात नवल वाटतं ते याचं, की शेवाळाला मूळच नसतं. ते सगळ्या अंगानं पाणी पितं, अन्न घेतं. आणि या मूळ नसलेल्याच्या रसानं जमिनीवरच्या रोपाला पांढऱ्या मुळ्या जास्त फुटतात. रोपवाटिकेतल्या माणसांना विचाराल तर ते पानाफुलाआधी मुळ्यांचंच सांगतील.

द्राक्षवाल्यांना सायटोकायनिन हा शब्द डॉक्टरांच्या तोंडच्या शब्दासारखा घरचा झालाय. एप्रिलात खरड छाटणी होते, त्यानंतर चाळीस ते साठ दिवसांत काडीच्या डोळ्याच्या, म्हणजे अंकुराच्या, आत पुढच्या वर्षीचा घड ठरतो. बाहेरून काहीही दिसत नाही. वाढीचा जोर आत जास्त झाला, ऊन कमी पडलं, सायटोकायनिन मागे पडलं, की जो घड व्हायचा त्याची बाळी होते. वेलीला आधाराला धरायची ती कुरळी तार. ऑक्टोबरात छाटणी करून डोळा फुटल्यावर घडाच्या जागी बाळी निघालेली पाहणाऱ्या माणसाचा चेहरा मी लहानपणापासून ओळखते. म्हणून उन्हाळ्यातही लोक सीव्हीड देतात, कुणी पानावर, कुणी ठिबकमधून. एकट्या त्यानं घड येतो असं कुठलाही शहाणा बागायतदार म्हणणार नाही. पण त्या बंद डोळ्याच्या आत आपल्या हातून जेवढं काही पोचवता येतं तेवढं पोचवावं, असं त्याला वाटतं, आणि त्यात मला काही चुकीचं दिसत नाही.

आईला हे सगळं तिच्या परीनं माहीत आहे. तिनं ते शेवाळ समुद्रात पाहिलंय. दादाला मी हे नंतर आठवून दिलं.

गावातल्या बायकांची रामेश्वरची सहल निघाली होती, तेव्हा सोबतीला म्हणून मीही गेले होते. दर्शन झालं, बावीस कुंडांचं स्नान झालं, काशीला न्यायची वाळू पुडीत बांधून झाली. परतताना मंडपमच्या अलीकडं गाडीचं चाक पंक्चर झालं आणि आम्ही पाल्कच्या उपसागराच्या कडेला उतरलो. समुद्र असा शांत, की आमच्या बायकांना ते तळंच वाटलं. किनाऱ्यावर नारळाच्या झावळ्यांच्या सावलीत दहा-बारा जणी बसलेल्या, मधे बांबूची चौकट, साधारण दहा फूट बाय दहा फूट, आणि एका प्लॅस्टिकच्या ताडपत्रीवर तपकिरी-हिरव्या फांद्यांचा ढीग. बोटाएवढ्या जाड, काचेसारख्या कुडकुडीत. आमच्या बांधावर कुंपणाला शेर असतो ना, त्याच्या फांद्या मिठाच्या पाण्यात ठेवून फुगवल्या तर कशा दिसतील, तशा. त्या बायका तुकडे मोडत होत्या, मोठ्या दोरीत आधीच ओवून ठेवलेल्या बारीक दोऱ्यांच्या फाशात एकेक तुकडा अडकवत होत्या आणि भरलेल्या दोऱ्या चौकटीला ताणून बांधत होत्या. मग दोघी-तिघी ती चौकट उचलून पाण्यात छातीपर्यंत जात आणि नांगर टाकून येत. पंचेचाळीस दिवसांनी काढायची. तेवढ्यात तुकड्याचं वजन तिपटी-चौपटीनं वाढतं. त्यातलेच तुकडे मोडून पुढचं बियाणं.

आई त्यांच्यात जाऊन बसली. कुणाला कुणाची भाषा येत नव्हती. ती थोडा वेळ बघत राहिली आणि मग एक तुकडा उचलून तिनं फाशात घातला. आपल्याकडं नवीन वेल बांबूला सुतळीनं बांधताना जशी आठाची सैल गाठ मारतो, घट्ट मारली तर खोड फुगल्यावर सुतळी रुतते, तशीच तिनं मारली. शेजारच्या म्हातारीनं ती गाठ बोटानं हलवून पाहिली. मान डोलावली, सोडली, आणि पुन्हा हळू हळू स्वतःच्या पद्धतीनं मारून दाखवली. एकच पीळ, आणि टोक वर न सोडता फाशाच्या खालून परत आत. लाटेनं तुकडा हलत राहतो तेव्हा आपली गाठ सुटते, त्यांची सुटत नाही. आईनं दहा-पंधरा तुकडे बांधले. चाक बसलं तरी उठेना. गाडीत बसल्यावर हाताचा वास घेत म्हणाली, ‘काडीपासनंच येतंय की गं हे बी. आपल्यासारखंच.’

खरंच आपल्यासारखंच. त्या शेवाळाचं नाव कप्पाफायकस, मूळचं फिलिपिन्सकडचं. भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेनं 1984 साली जपानमधून त्याचा थोडासा वाण आणला, वर्षानुवर्षं सांभाळला, वाढवला. पुढं 2000 च्या आसपास तमिळनाडूच्या किनाऱ्यावर त्याची व्यापारी शेती सुरू झाली. आमची थॉमसन द्राक्षंही कुठल्या कुठून आलेली, ती ज्यावर कलम करतात ते डॉगरिजचं खुंट अमेरिकेचं. आधी हे शेवाळ वाळवून त्यातलं कॅराजीनन तेवढं काढत. आइस्क्रीम, टूथपेस्ट घट्ट राहते ती त्याच्यामुळं. भावनगरच्याच शास्त्रज्ञांनी शोधून काढलं, की वाळवायच्या आधी ताजंच चिरडलं तर निघणारा रस पिकावर फवारायला वापरता येतो आणि उरलेल्या चोथ्यात कॅराजीनन शाबूत राहतं. म्हणजे उन्हात जे नुसतं उडून जात होतं त्याचाच हा डबा. दुसऱ्या प्रकारचे डबे येतात ते अटलांटिकच्या थंड किनाऱ्यावरच्या करड्या-तपकिरी शेवाळाचे, आयर्लंड, नॉर्वे, कॅनडाकडचे. त्या लोकांना याची जाण फार जुनी. आयर्लंडच्या पश्चिमेला अ‍ॅरन बेटांवर नुसता उघडा खडक होता, तिथं बायाबापड्यांनी पिढ्यानपिढ्या वाळू आणि शेवाळ पाठीवरून वाहून नेऊन माती तयार केली आणि त्यात बटाटे पिकवले. आमच्या मुरमाड माळावर गाळ टाकून बाग उभी करणाऱ्या माणसांना ही गोष्ट सांगितली की ते नुसते ‘हां’ म्हणतात. त्यांना ती समजावून सांगावी लागत नाही.

पण दुकानात गेलं की याच डब्याचं काहीतरी भलतंच होतं. एका वर्षी दादानं ओळखीच्या दुकानातून घेतलेल्या डब्याचं झाकण उघडलं तर त्याला काकवीचा वास येत होता. खऱ्या रसाला सुकटीच्या पाटीखालच्या पाण्याचा वास येतो, खारट, जरासा कुजका, नाकाच्या मागं जाऊन बसणारा. हे पाणी गोड होतं, रंग मात्र गडद. पैसे परत मिळाले नाहीत. फेब्रुवारी 2021 मध्ये केंद्र सरकारनं खत नियंत्रण आदेशात जैवउत्तेजक असा वेगळा वर्ग घातला, त्याआधी असल्या मालाला ना खताचा कायदा लागू होता ना कीटकनाशकाचा. ‘टॉनिक’ म्हणायचं आणि काहीही विकायचं. आता नोंदणी लागते, घटक लिहावे लागतात. ते व्हायलाच हवं होतं, खूप आधी व्हायला हवं होतं. ज्या बायकांनी छातीभर पाण्यात उभं राहून ते वाढवलं, त्यांच्या कष्टावर काकवीच्या डब्यानं पाणी पडत होतं. आणि शेतकरी एकदा फसला, की तो खऱ्या मालावरही थुंकतो.

समुद्राचंही एक भय माझ्या मनातून जात नाही. रामेश्वरच्या दक्षिणेला मन्नारच्या आखातात एकवीस बेटांभोवती प्रवाळ आहेत, राष्ट्रीय उद्यान आहे. तिथल्या कुरुसडाई बेटाजवळ 2008 साली संशोधकांना हेच पाहुणं शेवाळ प्रवाळांवर चढलेलं आढळलं. तुटलेला तुकडा वाहत गेला आणि रुजला, एवढंच. दुसरीकडं 2013-14 मध्ये पाणी तापलं आणि तरंगत्या चौकटींवरचं शेवाळ मोठ्या प्रमाणावर मेलं. कित्येक घरांचं बियाणंच गेलं. एकीकडं नको तिथं वाढतं आणि दुसरीकडं हवं तिथं मरतं. आमच्या बागेत डबा ओतताना हे मला आठवतं. म्हणून डबा फेकून द्यावा असं वाटत नाही, कारण त्यावर घरं चालतात. पण लिटरला दोन मिली लिहिलंय तिथं पाच घालू नये, इतकं तरी वाटतं. जास्त घातल्यानं जास्त गुण येतो असंही नाही, संप्रेरकांचं प्रमाण वाढलं की उलट वाढ खुंटते.

हे सगळं मी आईला सांगायचं ठरवलं होतं. उपाशी म्हणू नकोस, हे जेवण नव्हे, हे नीट समजावून. जानेवारीत दादाचा फोन आला तेव्हा आधी त्यालाच ऐकवलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘तू त्या साली मिरजेला होतीस. मामाकडं, दहावीला.’

त्या साली म्हणजे 2003 च्या उन्हाळ्यात. विहीर तळाला गेलेली, ओढा कोरडा, म्हैसाळ-ताकारी योजनांचं पाणी अजून आमच्यापर्यंत यायचं होतं. टँकरचं पाणी विकत घेऊन लोक बागा जगवत होते, सोनं मोडत होते. मला हे सगळं माहीत होतं. आईच्या पाटल्या गेल्या ते माहीत होतं. माहीत नव्हतं ते एवढंच, की टँकर दोन एकराला पुरत नाही असं दिसल्यावर आबांनी, आमच्या वडिलांनी, एका सकाळी गेरूचा डबा घेतला आणि ओढ्याकडच्या एक एकरातल्या वेलींच्या खोडांवर दोन दोन बोटं ओढत गेले. लाल बोटांच्या वेलींना पाणी द्यायचं नाही. आई नळी धरून मागं होती. बोटं असलेल्या वेलीपाशी आली की नळीला दुमडून धरायची आणि पुढं जायची. महिनाभर. जूनपर्यंत त्या सगळ्या वाळल्या. मग खोडं तोडून घराच्या मागं रचली, आणि पुढं वर्षभर आमचा पाण्याचा बंब त्या लाकडांवर तापला. गेरू तसाच होता त्यांच्यावर, दादा म्हणाला. रोज पहाटे तीच एकेक बंबात सारायची.

त्या दिवाळीला मी सुट्टीला घरी आले होते. अभ्यंगाचं कढत पाणी, उटणं, आईचा हात पाठीवर. मला ते लाकूड कसलं होतं ते विचारायचं कधी सुचलं नाही.

आबांना जाऊन आता आठ वर्षं झाली. ओढ्याकडचा तो एकर त्यांनीच पुन्हा लावला, डॉगरिजवर, पहिला चांगला पाऊस झाल्यावर. मी लाल चिंध्या बांधल्या त्या तीन ओळी नेमक्या त्याच एकरात येतात. मी त्या निवडल्या कारण तिथं जमीन सपाट आहे, उतार नाही, मोजायला सोयीचं. माझ्या वहीत कारण म्हणून तेच लिहिलंय.

या महिन्यात छाटणीला मी गेले तेव्हा प्रयोगाचा विषय काढायचा नाही असं ठरवून गेले होते. विषय आईनंच काढला. पेस्टिंगवाल्या, म्हणजे छाटलेल्या काडीच्या डोळ्यांना औषध लावणाऱ्या, बायका जेवायला बसलेल्या, ती त्यांना ताक वाढत होती, तिथूनच म्हणाली, ‘यंदा उलटं कर. सगळ्या बागंला न्हाईच द्यायचं. तीन ओळींनाच दे.’ मी तिच्याकडं बघत राहिले. तीन ओळींना द्यायचं आणि बाकीच्यांना नाही, किंवा बाकीच्यांना द्यायचं आणि तीन ओळींना नाही. तुलना तीच, आकडेमोड तीच, उलट खर्च वाचला. पोरांना मी ही गोष्ट फळ्यावर शिकवते, पण तशी मांडणी करणं मला सुचलं नव्हतं. दादा म्हणाला, ‘मग बाकीची बाग उपाशी न्हाय राहणार व्हय?’ तर म्हणाली, ‘बाकीच्यांना शेणखत हाय, पाणी हाय. उपाशी कोण हाय त्यात? ह्या तिघींचा नुसता लाड हाय.’

दुपारी तिनं जुन्या हळदी रंगाच्या लुगड्याच्या तीन पट्ट्या फाडल्या आणि ओढ्याकडं निघाली. ओळी तिनंच धरल्या, त्याच. खांबावर माझी एक लाल चिंधी अजून होती, पावसानं विटलेली. ती तिनं सोडली, घडी करून कनवटीला लावली आणि पिवळी पट्टी बांधायला घेतली. एकच पीळ, आणि टोक वर न सोडता खालून परत आत.